चव कळते का?

नव्या औषधाच्या अभ्यासात रुग्णांना काय जाणवतं, ते त्यांच्याच तोंडून ऐकून नोंदवायचं, हे माझं काम. त्या दिवशी शांताबाई नवऱ्यासोबत आल्या होत्या.

“जेवणाची चव कळते का?” मी विचारलं.

“औषध सुरू झाल्यापासून मुळीच नाही. पण स्वयंपाक बिघडलेला नाही हं. हे रोज म्हणतात, छान झालंय.”

काका खिडकीबाहेर बघू लागले. बाईंच्या ते लक्षात आलं.

“अहो, खारट होत होतं का?”

“कधी कधी,” ते हळूच म्हणाले.

बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, “पुढचं विचारा.”

प्रश्न विचारायलाच हवा होता, उत्तरही खरं मिळालं. तरी काकांनी इतक्या मायेनं झाकलेलं मी उघडं पाडलं, याची हळहळ वाटली. आता रोज आमटीला उकळी आली, की बाई त्यांना चाखायला हाक मारतील आणि त्यांना खरं सांगावं लागेल.