मारणारे कोण, हे विचारणारे गुरुजी

चन्नाप्पा गुरुजींची आणि माझी ओळख झाली ती त्यांनी मला खोटं बोलताना पकडलं म्हणून. गौरवग्रंथात असं लिहावं की नाही, ठाऊक नाही. पण संपादक मंडळींनी पहिल्या भेटीपासून सुरुवात करा असं कळवलं, आणि पहिली भेट तशीच आहे, त्याला माझा इलाज नाही.

सुगी झाली की भूमजवळच्या ईट गावाला फिरत्या टॉकीजचा तंबू लागायचा. मी त्या तंबूत सांगणारा होतो. शाळा चौथीत सुटली, मग कळंबच्या अडतीत, मग एका बँडबरोबर, असा हिंडत मी तिथं पोचलो. (बँडमध्ये मी झांजा वाजवायचो. लई मजेचे दिवस होते, पण ते इथं नको.) कानडी बोलपट लागला की पडद्याशेजारी उभं राहून, कर्णा तोंडाला लावून, काय चाललंय ते मराठीत सांगायचं, हे माझं काम. मला कानडी येत होतं बाजारापुरतं. उरलेलं मी पदरचं घालायचो. लोक खूश तर मालक खूश.

त्या वर्षी कानडी मुलखातल्या कल्याणच्या शरणांवरचा, म्हणजे जातपात न मानणाऱ्या शिवभक्तांवरचा, बोलपट आला. ब्राह्मणाची मुलगी आणि चांभाराचा मुलगा यांचं लग्न शरणांनी लावलं, म्हणून राजानं दोघांच्या बापांना हालहाल करून मारलं आणि पुढं शरणांचा संहार झाला, अशी ती कथा. पडद्यावर शिपाई आले ते लांब दाढ्या आणि टोकदार टोप घालून. कंपनीनं दुसऱ्याच कुठल्या चित्राचे कपडे आणले असणार. मी कर्ण्यातून सांगून टाकलं, "बघा, आले मुसलमान, शरणांना कापायला." तंबू खवळला. निजामी जाऊन दहा वर्षं होत आली होती, पण त्या दिवसांत दोन्हीकडच्यांनी भोगलेलं कुणी विसरलं नव्हतं. लोक ओरडले तसा मला आणखी जोर चढला.

सकाळी तंबूमागं राखुंडीनं दात घासत होतो. धोतर, काळा कोट, काखेत छत्री असे एक गृहस्थ पुढं येऊन उभे राहिले.

"कालचे सांगणारे तुम्हीच का?"

मला वाटलं, शाबासकी द्यायला आलेत. म्हटलं, "व्हय, मीच."

"मारणारे मुसलमान होते, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"दाढ्या होत्या की."

"दाढी माझ्या आजोबांनाही होती." मग त्यांनी छत्री टेकवली आणि एकदम 'तू'वर आले. "हे बघ, ही आठशे वर्षांमागची गोष्ट. सुलतानी इकडं यायला अजून शंभरावर वर्षं होती. मारलं ते राजाच्या शिपायांनी. लग्नाच्या पंगतीत मिरच्या वाढल्या होत्या, त्या तरी दिसल्या का? तेव्हा या मुलखात मिरचीच नव्हती."

"मग मिरच्यांचंबी सांगू का?"

"मिरची सोड. मिरचीपायी कुणाचं दुकान बंद पडलेलं नाही. चल, दाखवतो."

बाजारात रसूलचाचा शिंप्यांच्या दुकानाला कुलूप होतं. फळीवर दगडाचा ताजा खळगा. रात्रीच्या खेळाहून परतणाऱ्या पोरांचं काम. मागच्या दारानं आम्ही आत गेलो. चाचा मशीनवर चादर टाकून बसले होते. बाडबिस्तरा बांधलेला होता.

"भूमला मेव्हणा आहे, गुरुजी. तिकडं जातो. एकदा भोगलं, आता नक्को."

"आजचा दिवस थांबा," गुरुजी म्हणाले. "संध्याकाळी हा पोरगा बोलणार आहे."

मी बोलणार आहे, हे मला तेव्हाच कळलं.

वाटेत मी विचारलं, मग दुसऱ्या कुणाचं नाव घेऊ? गुरुजी थांबले. "राजाच्या धर्माबद्दल पोथ्यापोथ्यांत फरक आहे. राजाचे शिपाई, एवढं ठाऊक आहे. तेवढंच सांग. मेले ते आमचे शरण. माझ्या घरी आजही त्यांच्या नावानं डोळे पुसतात. त्यांच्या मरणावर खोटं रचू नको."

ज्यांच्या घरचं दुःख ते हे बोलत होते.

मालक म्हणाले, धंदा बुडवशील तर इथंच सोडून जाईन. गुरुजी छत्री घेऊन दिवसभर घरोघर फिरले, संध्याकाळी पुन्हा या म्हणून सांगत. संध्याकाळी पुढच्या ओळीत ते बसले आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून रसूलचाचा, मान खाली घालून.

शिपाई पडद्यावर आले. मी म्हणालो, "हे राजाचे शिपाई."

मागून आवाज आला, "काल तर येगळं सांगितलंस की रं."

"काल खोटं सांगितलं," मी म्हणालो. कर्ण्यातून ते फार मोठं ऐकू आलं.

मग बायकांच्या बाजूनं एक म्हातारी म्हणाली, "म्हंजी राजाच मेला वंगाळ व्हता म्हण की." हशा पिकला, तसा मी पुढचं सांगू लागलो. शेवटी मुलीचा विलाप मला समजेना, तेव्हा गुरुजींनी उठून कर्णा हातात घेतला आणि तो मराठीत सांगितला. तेव्हा मात्र कुणी हललं नाही.

दुसऱ्या दिवशी आमची लॉरी बाजारातून निघाली तेव्हा शिलाईच्या मशीनचा आवाज चालू होता. पहिल्या रात्री ओरडणाऱ्यांतला एकजण सदऱ्याचं माप देत उभा होता.

गुरुजींच्या विद्वत्तेवर इतर मंडळी लिहितीलच. मला ठाऊक आहे ती त्यांची वही. डाव्या पानावर ठाऊक असलेलं, आणि ते कुठून कळलं. उजव्या पानावर ठाऊक नसलेलं. उजवी पानंच जास्त भरलेली. तशीच एक कोरी वही त्यांनी मला दिली, आणि पुढं दरवर्षी तंबू लागला की ती तपासून, शुद्धलेखनाला हसून, परत देत आले. हा लेखही त्यांनी शिकवलेल्या अक्षरांतच लिहितो आहे. मी अजून एका जागी टिकत नाही. पण नवं चित्र आलं की आधी कुणाला तरी विचारतो, मग कर्णा धरतो.

गुरुजींना साठ वर्षं पूर्ण झाली. सत्कारासाठी त्यांचा नवा कोट रसूलचाचांनीच शिवला आहे आणि तो थोडा सैल ठेवला आहे, पुढं अंग भरेल म्हणून. तो कोट अंगाला घट्ट होईपर्यंत आणि विरून दुसरा शिवावा लागेपर्यंत गुरुजी धडधाकट राहोत. सुगीनंतर तंबू लागेल. पुढच्या ओळीतल्या दोन जागा मी धरून ठेवल्या आहेत. मी चुकलो तर तिथूनच टोकावं, गुरुजी.