टाकीतली बाळंतीण

करुणा आमच्या समोरच्या खोलीत राहते. कारेगावात कंपनीवाल्यांच्या खोल्या म्हणजे दाराला दार भिडलेलं, त्यामुळे तिच्या घरात काय चाललंय ते मला तिच्या नवऱ्याच्या आधी कळतं. नाक खुपसते म्हणा, काही म्हणा.

कंपनीतलं कंत्राट संपून घरी बसली तेव्हा तिनं शिरूरच्या दुकानातून काचेची टाकी आणि एंजल माशांची पिल्लं आणली. चपटी, लांब परांची, दिसायला देखणी आणि स्वभावानं भित्री. मोठी झाल्यावर त्यातल्या दोघांनी आपली आपण जोडी जमवली आणि बाकीच्यांना ढुशा मारून कोपऱ्यात कोंबलं. करुणानं ते बाकीचे दुकानदाराला परत दिले आणि पाण्यात एक दगडी पाटी तिरकी उभी केली. काही दिवसांत मादीनं त्या पाटीवर रांगेनं अंडी घातली.

आता आमच्या गल्लीत आनंदाची गोष्ट पोटात ठेवायची पद्धत नाही. करुणानं स्टेटस टाकलं आणि अर्ध्या तासात सगळे टाकीपुढे. मीच पहिली. कुणी मोबाइलचा उजेड पाडला, कुणाच्या पोरानं काचेवर टकटक केली, वरच्या खोलीतले बिहारी भाडेकरू "भाभी, अंडा दिखाओ" करत आले. करुणा सगळ्यांना चहा देत होती. सकाळी पाहिलं तर पाटी स्वच्छ. आईबापांनीच अंडी खाऊन टाकली होती. एंजल घाबरला की असंच करतो. हे तिला ठाऊक होतं, पण दारात आलेल्या माणसाला 'जा' म्हणायला तिची जीभ रेटत नाही. पुढच्या खेपेला तेच झालं. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच.

तेवढ्यात तिच्या सासूबाईंचं, ताईबाईंचं, इकडे राहायला यायचं ठरलं. दौंडकडच्या गावी एकट्या राहायच्या, पण गुडघ्यांनी दगा दिला. एका खोलीत त्यांची खाट बसणार ती फक्त टाकीच्या जागेवर. करुणाच्या नवऱ्यानं, संघर्षनं, चौकातल्या मिसळवाल्या मल्हारला टाकी विकून टाकली. महिनाअखेरीला घेऊन जा म्हणाला. संघर्ष वाईट माणूस नाही, पण त्यानं बायकोला एका शब्दानं विचारलं नाही, ते मला झोंबलं. करुणा मात्र मला एवढंच म्हणाली, "सुषमाताई, एकदा तरी पिल्लं पवताना बघायची व्हती. मग न्यावी खुशाल."

ताईबाई आल्या त्या नाक मुरडतच. "मासं कालवणात असत्यात. ह्ये काचंत कशाला कोंडल्यात?" टाकी जाईपर्यंत त्यांनी स्वयंपाकघरात वळकटी पसरली. आणि त्याच आठवड्यात मादीनं पुन्हा अंडी घातली. ह्या वेळी स्टेटस नव्हतं, तरी बातमी फुटली. कशी, ते विचारू नका. बायकापोरं दारात जमली, करुणानं मुकाट्यानं चहाचं आधण ठेवलं.

"ह्या कशाला जमल्यात?" ताईबाईंनी विचारलं. करुणानं आजवरचं सगळं सांगितलं. म्हातारीचा पारा चढला.

"आगं, बाळंतिणीला असं चव्हाट्यावर बसवत्यात व्हय? अंधार न्हाई, आडोसा न्हाई, जो तो येऊन तोंड खुपसतोय! ती डोक्यात राख घालून घेईल न्हाई तर काय करंल?"

त्यांनी ट्रंकेतलं जुनं लुगडं काढून टाकीभोवती गुंडाळलं आणि उंबऱ्यातच बैठक मारली. "बारा दिस कुणी आत यायचं न्हाई. सुषमे, तू तर न्हाईच न्हाई."

मला राग आला, खोटं कशाला बोलू.

लुगड्याच्या फटीतून फक्त सासू-सून बघायच्या. नर परांनी अंड्यांना वारा घालतो, नासलेलं अंडं वेचून काढतो, हे पाहून ताईबाईंनी संघर्षला ऐकवलं, "बघ, बाप्यासुदिक राबतोय. शीक जरा."

मग मल्हार टेम्पो घेऊन आला. संघर्ष कामावर होता. ताईबाई उंबऱ्यातून तसूभर हलल्या नाहीत. "घरात बाळंतीण हाय. मागनं या."

मल्हार गडबडला. "व्हय का? अभिनंदन हां, आजी," म्हणत रिकामा टेम्पो घेऊन गेला. मी माझ्या दारात पदर तोंडात कोंबून हसत होते.

संध्याकाळी संघर्ष चिडून आला. "आई, तुझ्या खाटंसाठीच विकली ना टाकी!"

"माझं नाव पुढं करू नगं, मला वळकटी पुरं. पोरं पवली तर टाकी हालणार न्हाई. न्हाई पवली, तर मी सोता त्याला बोलवून देते."

अंडी फुटली, पण पिल्लं पाटीलाच चिकटून नुसत्या शेपट्या हलवत होती. करुणाला जेवण जाईना. त्यांच्यासाठी तिनं बाटलीत डोळ्याला दिसेल-न दिसेल असं जिवंत खाणं उबवून ठेवलं होतं. एका सकाळी तिची हाक सगळ्या खोल्यांत घुमली, "आत्याबाई! सुटली! पवाया लागली!" ताईबाईंनी स्वतःच मला हात धरून आत नेलं. पाणी पिल्लांनी भरलं होतं आणि दोन्ही बाजूंनी आईबाप पहारा देत होते. मी रडले. करुणा तर हसतही होती आणि रडतही होती.

दोन दिवसांनी मल्हार बायकोला घेऊन आला. हातात टोपडं आणि झबलं. "बाळ कुठाय?"

करुणानं लुगडं बाजूला केलं. मल्हार एकदा टाकीकडे बघे, एकदा टोपड्याकडे. संघर्ष उठून म्हणाला, "दादा, तुमचं पैसं घेऊन जा. टाकी माझ्या बायकोची हाय, ती विकायचा मला हक्क नव्हता."

मल्हार हसायला लागला. "ऱ्हाऊ द्या, मी नवी टाकी आणतो. पर ह्यातली चार मला द्या."

"आधी आम्ही घर बघाया येऊ," ताईबाई म्हणाल्या. "पाणी कसं, माणसं कशी. पसंत पडलं तर देऊ."

सगळे हसले. मल्हारनं कौतुकानं काचेवर बोट टेकवलं आणि टकटक करणार, तोच करुणा म्हणाली, "दादा, हात काढा काचंवरनं."

आवाज चढलेला नव्हता, पण तिनं कुणाला 'नको' म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मल्हारनं हात काढला. मीही काढला.