आठ-दहा शब्द बोलते

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला तर नाहीच.

आम्ही भातकुलीजवळचे. झेंडू, शेवंती लावतो. मुलगी दीड वर्षाची झाली तेव्हा लस द्यायला नेलं. नर्सताईंनी विचारलं, "किती शब्द बोलते? हाक मारली की वळते?" मी म्हटलं, "आठ-दहा बोलते. वळते ना!"

एकही बोलत नव्हती. तिच्या पाठीमागे मी ताट आपटून पाहिलं होतं — एकदा नाही, कितीदा तरी. ती मातीत बोटं घालून खेळतच राहायची.

मग खोटं का बोलले? माझी धाकटी बहीण जन्मतः बहिरी होती. नऊ वर्षांची असताना तापानं गेली. लग्न जुळवताना माहेरच्यांनी ते सांगितलं नाही, मीही नाही. आता पोरीचं कळलं तर सगळे विचारतील, घराण्यात कुणी होतं का? — ही भीती. एवढीच.

ती दोन वर्षांची झाली तेव्हा नवरा म्हणाला, "अमरावतीले कानाच्या डॉक्टरले दाखवून येऊ. पोरगी काहून बोलत नाही?"

मी — कसं सांगू — मी त्यांच्या वारलेल्या आईचं नाव घेतलं. म्हटलं, "मायच सांगून गेल्या मले. तुमी बी तीन वर्षं बोलले नव्हते."

सासूबाई असं काही म्हणाल्या नव्हत्या. पण आईचा शब्द म्हणून ते गप्प बसले. दीड वर्ष तसंच गेलं.

शेवटी अंगणवाडीच्या बाईंनीच धाडलं. तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, "फार उशीर केला. आधीच कानाला मशीन लागलं असतं तर बोलणं लवकर आलं असतं." नवरा हात जोडून म्हणाला, "माह्यीच चूक झाली, साहेब. मले वाटलं, माह्यासारखंच उशिरा बोलन." मी तिथंच बसले होते. पोरीची वेणी घालत राहिले.

आता ती सहा वर्षांची आहे. कानाला मशीन आहे. शब्द येतात, पण तुटक. दुकानदाराला कळत नाहीत, मग ती चिडून मला चावते. चावू देते.

परवा बोलायला शिकवतात त्या वर्गाबाहेर एक बाई दोन वर्षांचं लेकरू घेऊन बसली होती. नवरा तिला म्हणाला, "ताई, लवकर आल्या, चांगलं केलं. मी अडाणी, मी वाट पायत बसलो."

बाईनं माझ्याकडे पाहिलं.

मी मान हलवली — हो म्हणून.