फादरचं भिंग, उपदेशींचा कंदील

मद्रासहून आलेल्या पार्सलात दोन पुड्या होत्या, आणि मी एकाची पुडी दुसऱ्याला दिली. चष्म्याच्या दुकानदाराला शोभणारी ही चूक नव्हे. पण ज्यांच्याबद्दल सांगणार आहे त्यांच्या सहवासात माझ्या हातून एवढीच चूक झाली, हेही नशीब म्हणायचं. कारण वस्तू ज्या कामासाठी केली त्याच कामाला वापरावी, हेच मुळी आमच्या उपदेशींना मान्य नव्हतं.

उपदेशी म्हणजे कुंभकोणमहून साक्कोट्टैला जाणाऱ्या वाटेवरच्या लहानशा कॅथलिक चर्चमध्ये मुलांना धर्माचे धडे देणारे मास्तर. धोतर गुडघ्यापर्यंत, खिशात पक्कड, आणि नजर सदैव दुसऱ्याच्या वस्तूवर. पण ती नजर चोराची नव्हे, कुंभाराची. एकदा पावसात मी त्यांना माझी छत्री दिली. परत आली तेव्हा काड्या गायब होत्या. कापड मात्र धुऊन, व्यवस्थित घडी घालून आणलं होतं. मी काही बोलण्याआधीच त्यांनी विचारलं, "रायर, वस्तूला तिचं काम कोण सांगतं? आपणच ना?" (कुंभकोणम आम्हां मराठ्यांना रायर म्हणतं. मी नवी छत्री विकत घेतली.) घरच्या कॉफीच्या फिल्टरचं त्यांनी धुराडं केलं, तेव्हा त्यांच्या बायकोनं महिनाभर कॉफी पंच्यातून गाळली. आणि या सगळ्या लुटीतून उभा राहिला तो त्यांचा चित्रांचा कंदील, काचेवरचं चित्र भिंगातून भिंतीवर मोठं पाडणारा. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात लग्नाच्या वरातीतली गॅसबत्ती, माझ्या छत्रीच्या काड्यांची चौकट, आणि फोटो स्टुडिओनं टाकून दिलेल्या काचा घासून त्यांवर स्वतः काढलेली चित्रं. रंग दारासुरमच्या विणकरांकडून आणलेले, रेशीम रंगवायचे. त्यामुळे भिंतीवर उमटणारे सगळे संत लग्नाच्या साडीसारखे लालभडक दिसत.

हा खटाटोप हौसेचा नव्हता. शेतमजुरांची अकरा मुलं होती. पुस्तकातली उत्तरं पाठ म्हणता येत नाहीत म्हणून फादरनी त्यांना दोन वर्षं पहिल्या ख्रिस्तप्रसादाला, म्हणजे रविवारी वेदीपुढच्या रांगेत पवित्र भाकर घ्यायला, येऊ दिलं नव्हतं. फादर म्हातारे, शिस्तीचे. स्वतः पाठ करून शिकलेले. एकाच आवारात एकोणीस वर्षं राहून त्यांनी उपदेशींना हुकमाखेरीज काही सांगितलं नव्हतं आणि उपदेशींनी 'होय सामी'खेरीज काही उत्तर दिलं नव्हतं. शेवटी फादर म्हणाले, "शनिवारी दुपारी तुझा कंदील बघतो. मुलांना काही येत असेल तर ठीक. नाहीतर डबा मोडायचा आणि पुस्तक उघडायचं."

आता माझ्या पुड्या. फादरच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू नुकताच काढला होता, दुसऱ्यात तो अजून होताच; काढलेल्या डोळ्यासाठी त्या काळी वाटीसारखं जाड भिंग लागे. ते एका पुडीत. दुसरीत कंदिलासाठी स्वस्तात मागवलेलं भिंग, नंबर चुकलेलं, पोटात हवेचा बुडबुडा. शनिवारी दुपारी जेवून पार्सलाचा महिन्याभरापूर्वीचा कागद टाकायला गेलो तर आत चिठ्ठी, आणि चिठ्ठीत दोन्ही पुड्यांचे नंबर, मी दिल्या त्याच्या उलट. महिनाभर फादर जगाकडे बुडबुड्यातून पाहत होते, आणि ऑपरेशननंतर असंच दिसत असावं अशा समजुतीनं एका शब्दानं तक्रार करत नव्हते!

मी सायकल हाणली. पोचलो तेव्हा खिडक्यांवर भाताची पोती टांगून अंधार केला होता आणि आत घामाचा नि गॅसचा वास कोंडला होता. पहिल्या खुर्चीवर फादर, पाठ ताठ. भिंतीवर चित्र इतकं लख्ख की शंकेला जागाच उरली नाही. मी उपदेशींच्या कानात सगळं सांगितलं. त्यांचा हात काचेवर थबकला.

"आत्ता नको, रायर," ते पुटपुटले. "अकरा मुलं आहेत."

भिंतीवर बायबलातले ते पक्षाघाताचे आजारी गृहस्थ होते, ज्यांना त्यांच्या चार मित्रांनी दारात गर्दी म्हणून छप्पर उसकटून येशूपुढे खाली सोडलं. उपदेशींनी छप्पर नारळीच्या झापांचं काढलं होतं, आणि चौघं मित्र आपल्याच शिवारातले वाटत होते.

"विश्वास म्हणजे काय?" फादरनी पुस्तकातला प्रश्न टाकला.

गॅसबत्ती सूं सूं करत होती. उपदेशींच्या कपाळावरचा घाम हनुवटीपर्यंत आला तरी त्यांनी पुसला नाही. मग मागून एक मुलगी उठली.

"सामी, छप्पर दुसऱ्याचं होतं. मोडलं तर मालक मारेल. तरी त्यांनी मोडलं. आत जे बसलेत ते रागावणार नाहीत हे त्यांना ठाऊक होतं, तो विश्वास."

पुस्तकात हे नव्हतं. फादरनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"कुठलं छप्पर?" ते म्हणाले. "मला भिंतीवर सांडलेलं दूध दिसतंय. आणि जे दिसत नाही ते मी मान्य कसं करू?"

उपदेशींनी माझ्याकडे पाहिलं. बोललो तर भिंग बाहेर येणार आणि चित्र जाणार. गप्प बसलो तर डबा मोडणार. माझे पाय दाराकडे वळले होते, हे कबूल करतो. पण ती पोरगी अजून उभी होती.

"फादर," मी म्हणालो, "चूक माझी. तुमचा डोळा त्या कंदिलात आहे."

कोणी हसलं नाही. उपदेशींनी मात्र क्षणभरही वाट पाहिली नाही. तापलेलं भिंग उघड्या बोटांनी उपसलं, धोतरानं पुसलं आणि फादरच्या तळहातावर ठेवलं. भिंतीवर नुसता पांढरा उजेड उरला. मग त्यांनी काच बाहेर काढून गॅसबत्तीपुढे धरली. फादरनी भिंग डोळ्याशी नेलं, जरा पुढे सरकवलं, आणि वाकले. किती वेळ वाकून होते कुणास ठाऊक; मला तर जन्म गेल्यासारखा वाटला.

"हा लाल रंग साडीचा?"

"होय सामी. दारासुरमचा."

"या चौघांच्या पायांना काय झालंय?"

"चिखल, सामी. भाताच्या लावणीवरून आलेत."

फादर सरळ झाले. "अकराही जणांना रविवारी रांगेत उभं कर," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले, आणि मी छप्पर मोडल्यासारखा मालकाच्या माराची वाट पाहत उभा राहिलो. पण ते एवढंच म्हणाले, "महिनाभर मला वाटत होतं, देवानं जग थोडं पुसलंय." आणि उपदेशींना, "भिंग माझ्याकडे राहील. त्या दुसऱ्यातून चित्रं दिसायची नाहीत; शनिवारी वर्गासाठी हेच घेऊन जा."

"मी परत आणून देत जाईन, सामी."

"नको. मीच घेऊन येईन. चित्रं बघायची आहेत."

"पण सामी, भिंग कंदिलात असेल तर तुम्हांला..."

"मग तू सांग. मी ऐकेन."

त्यानंतर कित्येक शनिवार मी ते दृश्य पाहिलं. रुमालात भिंग बांधून फादर आवार ओलांडत येत, अर्धवट डोळ्यांनी खुर्ची चाचपत. आणि उपदेशी, बोटांवरचे फोड बरे झालेले, त्यांच्या कानाशी वाकून सांगत, आता होडी आहे सामी, आता वादळ. पुढे कॉफीही येऊ लागली, पंच्यातून गाळलेली. आता दोघंही नाहीत. कंदिलाचं काय झालं माहीत नाही. कोणीतरी त्यात पुन्हा बिस्किटं ठेवली असतील.

त्या दिवशी मात्र घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं आणि लगेच दौत-टाक घेऊन बसलो. मद्रासला लिहून, माझ्या खर्चानं, फादरसाठी दुसरं भिंग मागवायचं होतं. तिनं हातातला टाक काढून घेतला.

"इतकी घाई कां? एकोणीस वर्षांनी ते दोघं बोलूं लागलेत. तुमचं पत्र सावकाश जाऊं द्या."