सुमेधाताईंचे उंदीर आणि विषाणूचे दोन जीन

सकाळचे साडेआठ. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेचं प्राणीगृह. मला गाऊन, टोपी, मास्क, बुटांवर पिशव्या असं सगळं चढवायला लावलं.

"तुमच्या उंदरांचं काही मला लागू नये म्हणून ना?" मी विचारलं.

"नाही. तुमचं त्यांना लागू नये म्हणून!" डॉ. सुमेधाताई म्हणाल्या.

शनिवार पेठेतल्या आहेत, वेगळं सांगायला नको. त्यांच्या लॅबमध्ये गेलो आणि किस्सा न घेता परतलो, असं बातमीदारीच्या इतक्या वर्षांत एकदाही झालं नाही.

*

"विषाणू सोडता का उंदरांत?"

"अख्खा विषाणू नाही, त्याचे फक्त दोन जीन. पेशीची वाढ थांबवणारे ब्रेक असतात, ते हे जीन निकामी करतात. उंदीर जन्मतःच ते घेऊन येतो."

"मग सगळ्यांना कॅन्सर होतो?"

"ब्रेक गेलेली गाडी सपाटीवर उभी असली तर कुणाला धडकते? उतार लागतो! काही उंदरांना हार्मोन देऊन, हाच तो उतार आहे का, ते दोन वर्षं बघतोय."

आमच्या आरोग्य पानाला हे इतकं सोपं कधी जमलं नाही.

*

कसं जमणार? मी नीट लिहून दिलं, वर मथळा पडला : 'पुण्यात कॅन्सरवर औषध सापडलं!'

सकाळी ताईंचा फोन. "अहो, औषध तुमच्याकडे आहे म्हणे. बिबवेवाडीहून एक गृहस्थ बायकोचे रिपोर्ट घेऊन माझ्या दारात बसलेत. पाठवू तुमच्याकडे?"

मी संपादकांशी कडाकडा भांडलो. दुरुस्ती पहिल्या पानावर छापून घेतली. त्या गृहस्थांना भेटायला मात्र धीर झाला नाही.

*

विषाणूचा जीन नसलेल्या एका उंदरालाही गाठ आली. मीटिंगमध्ये एक वरिष्ठ म्हणाले, "एवढा एक वगळा. आलेख किती सुंदर दिसेल!"

"मला तो दिवाणखान्यात लावायचा नाहीये, सर," ताई म्हणाल्या.

उंदीर शोधनिबंधात राहिला.

*

आता शिंदेमामा. उंदरांचं खाणंपिणं बघणारे, मांजरी गावचे. प्रत्येक पिंजऱ्यावर एक कार्ड असतं : जन्म कधीचा, जीन आहे की नाही, हार्मोन कधी सुरू केलं. उंदीर सगळे पांढरे, एकसारखे. कार्ड गेलं की प्रयोग गेला. तरी मामा प्रत्येक उंदराच्या कानाला खूण करून कार्डावरचं सगळं वहीत लिहायचे. "कार्डं आहेत की, मामा!" ताई चिडवायच्या.

एकदा पाहुणे येऊन गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आत गेल्या, तर एकाही पिंजऱ्यावर कार्ड नाही! हाताने लिहिलेली कार्डं फोटोत बरी दिसत नाहीत म्हणून कुणीतरी काढून फेकायला लावली होती.

ताई भिंतीला टेकून खाली बसल्या. मामा वही घेऊन आले.

"उठा ताई. कार्डं माणसं लावत्यात, माणसंच काढत्यात. कान कोण काढून नेतंय?"

संध्याकाळपर्यंत मामा एकेक उंदीर हातात घेऊन कान वाचत होते आणि ताई नवी कार्डं लिहीत होत्या. प्रयोग वाचला. फक्त शेवटच्या तुकडीला खुणा व्हायच्या होत्या. त्यातल्या कुणाला हार्मोन चालू होतं, हे कळायला मार्गच उरला नाही. ती तुकडी गेली.

संस्थेच्या वार्तापत्रात पाहुण्यांचा फोटो आला आहे. पिंजरे स्वच्छ दिसतात. कार्डं काढायला कोणी सांगितलं, असं मी संचालकांना तीनदा लेखी विचारलं. तिन्ही पत्रं मिळाल्याचे शिक्के माझ्याकडे आहेत. उत्तर आलेलं नाही.