एकदाच दाबा
मधुवंती दोन वर्षं वरच्या खोलीत भाड्यानं राहिली, पण ती मूळची कुठली, हेही उद्धवरावांनी संकोचापोटी कधी विचारलं नाही. ते वालूर गावच्या बोलीतले शब्द संगणकावर उतरवत. लिहायचा एडिटर तिनंच लावून दिला होता. बटण दाबलं की मॉड्यूल, म्हणजे प्रोग्रामचा एक भाग, लोड होई, त्यासरशी लिखाण साठवणारा एडिटरचा सर्व्हर आपोआप उभा राही आणि जरा वेळानं लिहायची खिडकी उघडे. उद्धवरावांना धीर कुठला! ते पुन्हा दाबत, दुसरा सर्व्हर उभा राही आणि एका खिडकीतलं लिखाण दुसरीमुळं पुसलं जाई. आठवड्याचे शब्द गेले तेव्हा ते कडाडले, “ह्याला उभं राहा म्हणलं कुणी?”

“तुमीच, काका. दोनदा.”

ती कायमची निघाली, तेव्हा दारात रिक्षा उभी होती. कुठं जायलीस, हे विचारायला उद्धवराव उठले आणि म्हणाले, “मधुवंती, हे अजून उघडंना!”

“एकदाच दाबा, काका. अन् थांबा.”