गंगापूरपर्यंत आमची गाडी टिकते का, ते बघायला

दिवाळीच्या सुट्टीत बायकोच्या, म्हणजे शोभाच्या, बदलीची ऑर्डर आली. गंगापूरजवळची शाळा. पुंडलिकनगरातल्या आमच्या घरात लगेच दोन पक्ष पडले. तिचं म्हणणं, आपली जुनी गाडी आहे, मी रोज चालवत जाईन. माझं म्हणणं, एसटी आहे, काळीपिवळी आहे, जीव धोक्यात कशाला घालायचा? गाडी दहावीला बसेल एवढ्या वयाची आणि अधूनमधून विनाकारण तापणारी. शेवटी असं ठरलं, की सोमवारी शाळेत हजर व्हायच्या आधी, रविवारी, शोभानं गाडी चालवत गंगापूर आणि पुढे कायगावला गोदावरीपर्यंत जायचं आणि परत यायचं. गाडी नीट आली तर ती शोभाची. नाही आली तर विकायची.

शनिवारी गाडी चिकलठाण्याला रौफभाईंच्या गॅरेजात नेली. मेकॅनिकच्या बाबतीत माझं मत सरळ आहे. त्यांच्याकडे गाडी सोडून जाणं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. माझ्या मेहुण्याच्या गाडीतली चांगली बॅटरी काढून कुणीतरी जुनी बसवली होती, असं त्याचा साडू सांगतो. म्हणून मी स्टूल घेऊन गाडीशेजारीच बसलो.

"साब, आप घर कू जाव ना," रौफभाई म्हणाले. "गाडी मैं लाके देतूं."

माणूस घरी जा म्हणतो म्हणजे काहीतरी आहे, असं मी धरलं आणि हाललो नाही. त्यांनी रेडिएटरचा जुना पाइप काढला, नवा बसवला, त्याच्या दोन्ही टोकांना लोखंडी पट्ट्या चढवल्या आणि नमाजाला गेले. त्यांचा धाकटा भाऊ दुसऱ्या गाडीखाली आडवा होता. मी खिशातून शोभाची नेलपॉलिशची बाटली काढली. नव्या पाइपावर, पट्ट्यांच्या स्क्रूवर, बॅटरीवर, जिथं जिथं हात पोचला तिथं लाल ठिपके दिले. उद्या कुणी एखादी वस्तू बदलली तर लगेच कळावं, एवढाच हेतू. स्वतःच्या हुशारीवर मी बेहद्द खूश होतो. रौफभाई परतले, आत एक नजर टाकली आणि बोनट बंद केलं.

रविवारी सकाळी निघालो. जाणाऱ्यांसाठी सांगतो, बीड बायपास धरून वाळूजकडे जायचं असेल तर रविवारच बरा, इतर दिवशी कंपन्यांच्या बसगाड्यांमध्ये अडकायला होतं. वाळूजच्या पुढे रस्ता चांगला आहे, पण कारखाने सुरू झाल्यामुळे उसाचे ट्रॅक्टर भेटतात. मागे दोन-दोन ट्रॉल्या आणि दिवा एकालाही नाही. शोभा शांतपणे हॉर्न देऊन त्यांना मागे टाकत होती. मी तापमानाच्या काट्याकडे बघत होतो आणि दर थोड्या वेळानं "वास येतोय का?" असं विचारत होतो.

"तुमच्या डब्यातल्या लसणाच्या चटणीचा येतोय," ती म्हणाली.

हायवे सोडून गंगापूरकडे वळलो आणि काटा चढला. पाठोपाठ बोनटमधून पांढरी वाफ. शोभानं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, मागचे दिवे लुकलुकत ठेवले. मला आतून आनंद झाला, हे खोटं कशाला बोलू? माझं खरं ठरलं होतं. मी उभ्या उभ्या रौफभाईंना फोन लावला आणि सुनावलं, की काम मुद्दाम कच्चं ठेवलंत, गाडी परत तुमच्याच दारात यावी म्हणून.

"मेरा काम ऐसा नै रैता, साब," ते म्हणाले. मी फोन ठेवला.

जवळच एक गॅरेज होतं. तिथला भागवत नावाचा मेकॅनिक आला. इंजिन निवेपर्यंत त्यानं आपण दुरुस्त केलेल्या सगळ्या जीपगाड्यांची हकिकत सांगितली आणि मग बोनटमध्ये डोकावून निकाल दिला, "रेडिएटर गेलंय. नवं टाकावं लागंल."

"आधी कालच बसवलेला पाइप निसटलाय का ते बघा," शोभा म्हणाली.

भागवतनं नाइलाजानं हात घातला. "ताई, ही पट्टी कसल्यालीच नाय. नुस्ती हातानं बसवल्याली. पण वर ठिपका तर हाय."

"ठिपक्याचं काय?" मी विचारलं.

"आमच्यात स्क्रू कसून झाला की रंगाचा ठिपका देत्यात. ठिपका दिसला की मग कुणी पुन्हा पाना लावत नाय." त्यानं नखानं खरवडून पाहिलं. "रंग मातर लई भारी हाय. चमकतोय."

शोभा वाकली. ठिपका पाहिला, मग बॅटरीवरचा पाहिला, मग मला. "अहो, ही बाटली मी भाचीच्या लग्नासाठी आणली होती."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोन तिनंच लावला. रौफभाईंनी सगळं ऐकून घेतलं. "भाभी, मैं नमाज पढके आया, ठिपका देखा, समझा भाई ने कस दिया. मेरी भी गलती है, एक बार पाना लगाके देखना था." मग म्हणाले, "पर अब गाडी आप लेके आना. साब लाए तो मैं हात नै लगाता."

भागवतनं पट्टी कसली, पाणी भरलं आणि वर स्वतःचा पांढरा ठिपका दिला. परत फिरू या, असं मी म्हणालो. शोभानं गाडी गंगापूरवरून कायगावच्या रस्त्याला घातली.

कायगावला जरूर जा. जायकवाडीचं पाणी मागे चढतं म्हणून पात्र ऐसपैस आहे, आणि पलीकडच्या काठावरचं जुनं दगडी मंदिर निवांत बघण्यासारखं आहे. रस्त्यालगत तळलेले मासे आणि बाजरीची भाकरी मिळते, दोघांचं पोटभर पाचशेच्या आत भागतं. मी मासे ताजे आहेत का, असं दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा शोभानं विचारू दिलं नाही.

"एक सांगा," भाकरी मोडताना ती म्हणाली. "एसटीनं जा म्हणता, ते गाडीवर भरवसा नाही म्हणून, का माझ्यावर?"

मी उसाच्या ट्रॅक्टरांवर ढकलून पाहिलं. ते तिनं चालू दिलं नाही. मग सांगितलं, "तुझी काळजी वाटते. तू रोज एकटी या रस्त्यावर असणार, आणि मी घरी."

"मग असं बोलायचं ना सरळ," ती म्हणाली, आणि माशाचा मोठा तुकडा माझ्या ताटात टाकला.

परतीच्या वाटेवर काटा जागचा हालला नाही. सोमवारी ती निघाली तेव्हा मी म्हटलं, पोचलीस की मेसेज कर. ती म्हणाली, "रोज करणार नाही. एक दिवस विसरले तर तुम्ही काय काय समजाल, ते मला ठाऊक आहे."

गाडी गंगापूरला टिकते, हे आता मी खात्रीनं लिहू शकतो. शोभा रोज सकाळी जाते. शाळा भरायच्या वेळेला मी माझ्यापुरता चहा ठेवतो आणि ती पोचली असेल, असं धरून चालतो.